भाऊसाहेबांचा कार्तिक

राधेश्यामचा फोन आला तेव्हा सकाळचे पावणेआठ वाजले होते. इंदूरच्या परदेशीपुऱ्यात भाऊसाहेबांच्या दारासमोर त्याची पोहे-जिलेबीची गाडी लागते. माझा नंबर त्याच्याकडे होता तो केवळ भाऊसाहेबांमुळे. मी विजय नगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये एका हाताने डबा भरत होते, दुसऱ्या हाताने तपासलेल्या वह्या पिशवीत कोंबत होते. "मॅडमजी," तो म्हणाला, "बोर्ड पे अभी तक कल की ही तारीख है. भिया ने पोंछा नहीं." ज्या माणसाने तापात, घरच्या लग्नात, अगदी करोनाच्या बंदीतसुद्धा सकाळी सातच्या आत फळा पुसून नवी तारीख घातली, त्याच्या फळ्यावर पावणेआठला कालची तारीख आहे म्हणजे काय, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. पाचच मिनिटांत उज्ज्वलाचा, त्यांच्या मुलीचा, फोन आला. "ताई, बाबा झोपेतच गेले हो," ती म्हणाली. मार्गशीर्षातली कडक थंडी होती. या गोष्टीला आता सात-आठ आठवडे झाले, तरी पावणेआठला फोन वाजला की मी उचलायच्या आधी अजून नाव बघते.

वसंतराव दळवी हे त्यांचं नाव. मराठी माणसं भाऊसाहेब म्हणत, हिंदी शेजारी दळवीजी, आणि गाडीवरची मंडळी नुसतंच भिया. सगळी नोकरी त्यांनी एका कापडगिरणीच्या टाइम ऑफिसात काढली. कोण किती वाजता आला, कोण उशिरा, कोण गैरहजर, हे लिहिणारे टाइमकीपर. गिरणीच्या फाटकाशी पाळ्यांच्या वेळा लिहायला एक मोठा फळा होता. त्यावरची रिकामी जागा त्यांना बघवेना, म्हणून त्यांनी तिथे दिनविशेष लिहायला सुरुवात केली. आजच्या तारखेला जगात कधीकाळी काय घडलं, त्याच्या दोन ओळी मराठीत आणि दोन हिंदीत. पुढे गिरणी बंद पडली, यंत्रं भंगारात गेली. भाऊसाहेबांनी तो फळा मागून घेतला, हातगाडीवर घालून घरी आणला आणि ओट्याशेजारच्या भिंतीवर ठोकला. तेव्हापासून त्या गल्लीला सकाळी पोह्यांबरोबर इतिहासाचीही सवय लागली.

मी मूळची सांगलीची. नोकरीसाठी इंदूरला आले, एका इंजिनिअरिंग कॉलेजात गणित शिकवायला लागले, त्याला आता वीसेक वर्षं झाली. पहिल्याच पावसाळ्यात मिक्सर जळला आणि कुणीतरी सांगितलं की मोटर भरून हवी तर परदेशीपुऱ्यात जा. तिथे हा फळा दिसला. तारीख एकवीस जुलै, आणि खाली लिहिलेलं, आज माणसाने चंद्रावर पाऊल ठेवलं. मास्तरकी अंगात मुरलेली. ओट्यावर बसलेल्या गृहस्थांना मी म्हटलं, "काका, एक दिवस चुकलात. वीस जुलै." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "कोणाच्या घड्याळात?" ते म्हणाले. "अमेरिकेत वीस असेल. इथे एकवीस तारखेची सकाळ होती, साडेआठला चार मिनटं कमी. मी टाइम ऑफिसात होतो, रेडिओ चालू होता. अब बताओ, इंदूरच्या माणसाने कोणाच्या तारखेनं जगायचं?" मी तिथेच उभ्या उभ्या तासांचा हिशेब केला. त्यांचं बरोबर होतं. गणिताची मास्तरीण असून ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती, याचा मला रागही आला आणि हसूही. मिक्सर दुरुस्त होईपर्यंत मी त्यांच्या ओट्यावर बसले, आणि मग वीस वर्षं बसतच राहिले. त्यांनी माझं नाव कधी घेतलं नाही. मी कायमची "सांगलीकर".

पुराव्याशिवाय ते फळ्यावर अक्षर लिहीत नसत. मोबाइलवर फिरणारे दिनविशेष लोक त्यांना उत्साहाने आणून दाखवत, आणि ते थंडपणे म्हणत, "कुठून आलं हे? लिहिणाऱ्यानं पाहिलंय का?" तीस जानेवारीला ते फक्त वेळ लिहीत, सायंकाळी पाच वाजून सतरा मिनिटं. बाकी काही नाही. गल्लीतली माणसं तो आकडा वाचून क्षणभर थांबत आणि पुढे जात. एक नोव्हेंबरला आपलं इंदूर नव्या मध्य प्रदेशात गेल्याची नोंद मात्र ते थोड्या कुरबुरीनेच करत, का ते मी कधी विचारलं नाही. पण त्यांचं खरं काम वेगळंच होतं. गिरणीत निम्म्याहून जास्त कामगारांची जन्मतारीख एक जुलै, कारण शाळेत घालताना मास्तरांनी सोयीची तारीख टाकलेली. "सगळा परदेशीपुरा एका दिवशी जन्मला, सुईणींचे काय हाल झाले असतील!" असं ते म्हणत. मग ते त्या कामगाराच्या आईला गाठून विचारत. होळीच्या आधी की नंतर? त्या वर्षी पूर आला होता का? लढाई सुरू होती का? असं टोकरत टोकरत ते माणसाला त्याची खरी जन्मतारीख काढून देत आणि त्या दिवशी फळ्यावर काय लिहिलेलं असतं तेही सांगत. कितीतरी म्हातारे आयुष्यात पहिल्यांदा वाढदिवसाची जिलेबी खायला राधेश्यामच्या गाडीवर आले ते यांच्यामुळे. स्वतःचा वाढदिवस मात्र ते करत नसत. दिव्याखाली अंधार, असं मी एकदा चिडवलं तर ते हसले नाहीत.

या तारखा काढण्यात तिथींचा घोळ फार. तो त्यांनी मला शिकवला तोही करवा चौथच्या दिवशी, गाडीवरचे पोहे खाता खाता. शेजारच्या शर्माभाभी मेंदीचे हात दाखवत गेल्या आणि भाऊसाहेबांनी विचारलं, "सांगलीकर, आज कोणता महिना?" मी म्हटलं, आश्विन, अजून दिवाळी कुठे झाली? "आणि भाभींना विचारा." भाभींचा कार्तिक सुरू झाला होता! आपल्या मराठी पंचांगात महिना अमावास्येला संपतो, त्यांच्याकडे पौर्णिमेला. त्यामुळे कोजागरी झाली की दुसऱ्या दिवशी त्यांचा कार्तिक लागतो आणि आपला लागतो पंधरा दिवसांनी, दिवाळीच्या पाडव्याला. शुक्ल पक्षात दोघांचं जमतं, वद्य पक्षात नावात सरळ एका महिन्याचा फरक. "महाराष्ट्रात ही चूक कोणी करणार नाही, आणि इथले हिंदीवालेही नाही करणार," ते म्हणाले. "ये गलती सिर्फ हम लोग कर सकते हैं. राहतो मालव्यात आणि पंचांग पुण्याचं." नक्षत्रावरून चूक कशी पकडायची तेही त्यांनी सांगितलं. पौर्णिमेला चंद्र ज्या नक्षत्राजवळ असतो त्याचं नाव महिन्याला, आणि मग चंद्र रोज एक घर पुढे. मला हे गणित इतकं आवडलं की मी घरी जाऊन कागदावर मांडून पाहिलं.

त्यांच्या मनातला काटा मला कळला तो एका सर्वपित्री अमावास्येला. मी काहीतरी द्यायला सकाळीच गेले होते. भाऊसाहेब मागच्या अंगणात पाटावर बसून तर्पण करत होते, समोर ताम्हन, हातात काळे तीळ. गोत्र, नाव, सगळं रीतसर झालं, आणि मग त्यांनी ओंजळ सोडण्याआधी साध्या मराठीत, जरा मोठ्याने म्हटलं, "मी वसंत. तुमचा मुलगा." दारात उभ्या राहून मला हसू आलं. उज्ज्वलाने माझा हात धरून मला स्वयंपाकघरात नेलं. "हसू नका ताई. दरवर्षी असंच बोलून राहतात. आजोबांनी त्यांना पाहिलंच नव्हतं ना... बाबांना वाटतं, ते ओळखणार कसे?"

मग तिने सांगितलं ते असं. दळवी पिढीजात संस्थानच्या फौजेतले. भाऊसाहेबांच्या वडिलांनी घोडा-तलवारीच्या गप्पा सोडून इंदूरच्या गिरणीत नोकरी धरली, तेव्हा घरच्यांनी त्यांना तोडलं. शिलेदाराच्या घरचा पोरगा सूत ओढणार? पत्र नाही, येणं-जाणं नाही. पुढे वडील गिरणीतच अपघातात गेले, देवउठनी ग्यारसच्या, म्हणजे आपल्या कार्तिकी एकादशीच्या, आदल्या दिवशी. नंतर पौषात आई तान्ह्या मुलाला घेऊन गौतमपुऱ्याला नणंदेच्या दारात येऊन पडली, अंगात ताप, तोंडातून शब्द फुटेना, आणि तिसऱ्या दिवशी तीही गेली. तिच्या बोचक्यात गिरणीचा एक कागद निघाला, त्यावर वडिलांच्या मृत्यूची तारीख, आणि मुलाची पत्रिका. आत्याच्या यजमानांनी पत्रिका वाचली. जन्म कार्तिक वद्य पंचमी. म्हणजे बाप गेल्यावर दहा दिवसांनी. आत्याने पोराला जीव लावला, शिकवलं, पण नऊ वर्षांचा असताना कशावरून तरी चिडून ती एकदा बोलून गेली, "पांढऱ्या पायाचा! जन्मायच्या आधीच बापाला खाल्लंस." नंतर ती रडली, तिने त्याला जवळ घेतलं, पण शब्द गेला तो गेला. भाऊसाहेबांनी ती पत्रिका लाल फडक्यात बांधून कपाटात ठेवली ती कधी सोडलीच नाही. लग्नही पत्रिका न जुळवता केलं.

आणि नोकरी धरली ती त्याच गिरणीत. हे मला पुढे त्यांनी स्वतः सांगितलं, पाय हलवत, दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगावी तसं. टाइमकीपर झाल्यावर महिन्याभरात त्यांनी जुन्या हजेरीबुकांचा ढीग उपसून वडिलांचं पान शोधून काढलं होतं. बापाचा फोटो नव्हता, हस्ताक्षर नव्हतं. होतं ते एवढंच, ओळीने मांडलेली हजेरी. महायुद्धाचे दिवस, गिरण्या तीन पाळ्यांत चालत, रजा मागायची सोय नाही. त्या शेवटच्या वर्षात वडिलांच्या नावापुढे गैरहजेरीची फुली फक्त एक. "ताप आला असेल," ते म्हणाले. "जबरदस्त ताप असेल, त्याशिवाय तो माणूस घरी बसणार नाही." बाप तापाने फणफणलेला असताना आपण अजून आईच्या पोटातच होतो, याचीसुद्धा त्यांना खंत वाटे.

गेल्या श्रावणात उज्ज्वलाने ठरवलं, बाबांचं सहस्रचंद्रदर्शन करायचं. हजार पौर्णिमा पाहिलेला माणूस, ऐंशी ओलांडलेली, हा सोहळा व्हायलाच हवा. भाऊसाहेबांनी नेहमीप्रमाणे उडवून लावलं. पण गुरुजींना संकल्पासाठी जन्माची तिथी आणि नक्षत्र हवं होतं. तिथी पाठ होती, नक्षत्र कुणालाच ठाऊक नाही. शेवटी एका सकाळी भाऊसाहेब फळा लिहायला बाहेर गेले असताना आम्ही दोघींनी कपाट उघडलं. चोरीच होती ती. फडक्याच्या आत पिवळा, घडीवर फाटलेला कागद, चाळीतल्या कुण्या जोशीबुवांच्या हातचा. कार्तिक बदी पंचमी, आणि पुढे मृगशिरा नक्षत्र. उज्ज्वला फोनमध्ये उतरवून घेत होती आणि मी बोटं मोजत उभी होते. आपल्या कार्तिकाची पौर्णिमा कृत्तिकेजवळ. तिथून पाच घरं पुढे गेलं तर पुष्य येतं. मृग तर पौर्णिमेनंतर दुसऱ्याच दिवशी मागे पडतो... मी पुन्हा मोजलं. मग "बदी" या शब्दाकडे पाहिलं, आपला माणूस "वद्य" लिहील. जोशीबुवा मालवी होते. तो कार्तिक शर्माभाभींचा होता, आपला नव्हे! ती पंचमी कोजागरीनंतरची, करवा चौथच्या दुसऱ्या दिवशीची. गौतमपुऱ्यात आत्याच्या यजमानांनी मराठी पंचांग धरून वाचली आणि मुलाचा जन्म एक महिना पुढे ढकलला. भाऊसाहेब वडिलांच्या मृत्यूनंतर नाही, आधी जन्मले होते.

सांगायचं कसं, हा प्रश्न पडायच्या आतच ते हात पुसत आत आले. कपाट उघडं, फडकं सुटलेलं. त्यांचा चेहरा पडला. "कोणी काढलं हे?" इतका कोरडा आवाज मी वीस वर्षांत ऐकला नव्हता.

"मी काढलं बाबा," उज्ज्वला म्हणाली. "रागवा, पण पहले ताईंचं ऐकून घ्या."

"भाऊसाहेब, तुमची तिथी एक महिना चुकली आहे," मी म्हटलं, आणि जे सापडलं ते जसंच्या तसं सांगितलं. ते उभेच होते. सगळं ऐकून त्यांनी सवयीने विचारलं, "पुरावा?"

"मृग."

त्यांनी अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवायला सुरुवात केली. एकदा मोजलं, दोनदा मोजलं. जो हिशेब त्यांनी शेकडो लोकांचा केला होता, तो ते आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा करत होते. मग ते खाटेवर बसले. वडिलांची मृत्यूची तारीख त्यांना पाठ होती. ओठ हलवत ते तिथून मागे मागे येऊ लागले. बाहेर राधेश्याम कुणाला तरी हाक मारत होता. "एकवीस दिवस," ते म्हणाले, "दोन्ही टोकं धरून." आणि एकदम थांबले. "ती फुली..."

"कोणती फुली, बाबा?"

"हजेरीबुकातली. त्याच तारखेची आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, डोळे काठोकाठ भरलेले. "ताप नव्हता, सांगलीकर. मी झालो होतो."

ऐंशी वर्षांचा माणूस लहान मुलासारखा रडला. उज्ज्वला त्यांना धरून रडली, मीही रडले, मला त्याची लाज वाटत नाही. थोड्या वेळाने मात्र मला भयंकर राग आला. अहो, दहा पावलांवर कपाट होतं! सगळ्या परदेशीपुऱ्याला जन्मतारखा वाटत फिरलात आणि हे एक फडकं तुम्हाला सोडता आलं नाही? मी अक्षरशः ओरडले त्यांच्यावर. ते शांतपणे म्हणाले, "भीती वाटत होती. आत्या खरी निघाली असती तर? जोवर पाहिलं नव्हतं, तोवर थोडी गुंजाइश होती ना." पत्रिका आधी दाखवली असती तर ही चूक पंधरा वर्षांपूर्वी पकडता आली असती, असं माझ्या मनात आलं, ते मी मनातच ठेवलं. मग उज्ज्वलाने डोळे पुसत विचारलं, "मतलब बाबा, मधे दिवाळी आली असेल?" त्यांनी पुन्हा पेरं मोजली आणि त्यांच्या तोंडावर जे हसू आलं ते मी विसरणार नाही. "आली ना. झाली गं आमची एक दिवाळी. आणि बाराव्या दिवशी तर पाडवा... म्हणजे बारसंही झालं असणार त्यांच्यासमोर."

त्यानंतरचे चार महिने भाऊसाहेब वेगळे होते. कुणाला बाहेरून कळलं नसतं; फळा तसाच, टोमणे तसेच. पण चालताना ते जरा ताठ चालत. सर्वपित्रीला मी मुद्दाम गेले. ताम्हन, तीळ, गोत्र, नाव... आणि ओंजळ सोडून ते सरळ उठले. मी बघत राहिले, तर म्हणाले, "आता कशाला सांगायचं? ओळखतात ते." करवा चौथच्या दुसऱ्या दिवशी सहस्रचंद्रदर्शन झालं, शर्माभाभींनी मेंदीच्या हातांनी ओवाळलं, आणि राधेश्यामने "भिया, अब तो आप हमारे कार्तिक वाले निकले" म्हणून सगळ्या गल्लीला जिलेबी खाऊ घातली. त्या दिवशी तरी स्वतःची नोंद फळ्यावर करा, असं आम्ही किती विनवलं. त्यांनी साफ नकार दिला. "फळा दुनियेचा आहे, घरचा नाही," ते म्हणाले. आणि जगातलीच कुठली तरी गोष्ट लिहून मोकळे झाले. देवउठनी ग्यारस गेली, मग थंडी वाढली, आणि मग तो फोन.

मला त्यांच्यासाठी वाईट वाटतं का? वाटतं. जो शब्द नवव्या वर्षी लागला तो ऐंशीव्या वर्षी निघाला, आणि तो निघाल्यावर जगायला मिळाले जेमतेम चार महिने. पण हे बोलून दाखवलं असतं तर त्यांनी चष्म्यावरून बघितलं असतं. एकवीस दिवसांवर खूष असलेल्या माणसाला चार महिने कमी कसे वाटणार?

पंधरा दिवसांपूर्वी उज्ज्वलाने मला बोलावलं. खोली आवरताना उशाखाली तिला एक चाळीस पानी वही सापडली होती, पोरं शाळेत नेतात तसली. गेल्या आश्विन-कार्तिकात, करवा चौथच्या दुसऱ्या दिवसापासून दशमीपर्यंत, म्हणजे वडील गेले त्या तिथीपर्यंत, रोज फळा लिहून झाल्यावर भाऊसाहेब त्यात दोन-तीन ओळी लिहीत होते. एका दिवसाला एक पान, पेन्सिलीने. "पेन नको, पुरावा नाही," असं पहिल्या पानाच्या कोपऱ्यात लिहिलेलं. आम्ही दोघी त्यांच्या खाटेवर बसून ती वही वाचत होतो. दिवस पहिला, वडील घरी, फुली पडली. दिवस चौथा, दुसरी पाळी, वडिलांच्या कपड्यांना कापसाचे तंतू असावेत, मला शिंक आली असेल. दिवस अकरावा, लक्ष्मीपूजन, फटाक्यांनी मी रडलो असणार. आई चिडली असेल आणि वडील हसले असतील, किंवा उलट. दिवस बारावा, पाडवा, गिरणी बंद, बारसं. ऐन कार्तिकात पोराचं नाव वसंत ठेवणारा माणूस हट्टीच असला पाहिजे. उज्ज्वला तिथे हसली, आणि मला बरं वाटलं. प्रत्येक पानावर असेल, असावं, असणार... ज्या माणसाने जन्मभर पुराव्याशिवाय खडू उचलला नाही, तो एकवीस दिवस नुसता अंदाज करत बसला होता. शेवटच्या पानावर मात्र असेल नाही, असावं नाही. तिथे लिहिलंय, "दिवस एकविसावा. पहिली पाळी. वडील निघाले तेव्हा मी झोपलो होतो. झोपू दे, आल्यावर घेतो, म्हणाले."